अप्पांना मी सांगितलं, नळाला पाणी येतं

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, माझ्या आईला न्हाई. देवाला सुद्धा न्हाई — देवापुढं उभी राहिले की लेकरांची नावं घेते आन् पटकन मागं फिरते, हा विषय निघू नये म्हणून. आज तुमाला सांगायलेय. का, ते मलाच धड कळंना. तुमी माझ्या ओळखीचे न्हाईत, म्हणून आसंल.

पण आधी गाव सांगावं लागंल. न सांगता पुढं गेले तर तुमाला वाटंल, बाई नुसतीच वाईट हाय. आन् सांगितलं तर वाटंल, समदं गावामुळं झालं. ते बी खरं न्हाई. बघा — सुरुवातीलाच अडकायलेय मी.

आमची वाडी जिंतूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर. चाळीसेक घरं. शेरडं-मेंढरं, थोडी मुरमाड जमीन, बाकी खाली जाऊन मजुरी. फाट्यावर गाडीतून उतरलं की तासभराचा चढ. अर्धा डोंगर डांबर हाय, अर्धा डोंगर डांबर कागदावर हाय. वाडीच्या कडेला उभं राहिलं की खाली येलदरी धरणाचं पाणी दिसतं, लांबच्या लांब पसरलेलं. शहरातली पोरं मोटारसायकली फाट्यावर लावून वर येतात, त्या पाण्याकडं पाठ करून फोटो काढतात आन् म्हणतात, "मावशी, काय हवा हाय तुमच्याकडं!" मला लय राग येतो. आरं, चार दिवस ती हवाच पिऊन दाखवा की.

प्यायचं पाणी कुठलं? तर दरीतला झिरा. खडक फोडून केलेला खड्डा, त्यात पाणी पाझरतं. पावसाळ्यात भरलेला असतो. चैत्र-वैशाखात त्याच्या काठाला बसायचं, वाटीनं पाणी काढायचं, घागरीत ओतायचं, परत पाझरायची वाट बघायची. एक घागर भरायला किती वेळ लागतो, ते मला विचारू नका. मग ती डोक्यावर घेऊन चढ. मग दुसरी खेप. मग तिसरी. माणसांना पाणी, शेरडांच्या पिलांना पाणी, पाहुणा आला तर त्याला पाय धुवायला बी पाणी — आन् पाहुणे पाय काय रगडून रगडून धुतात हो!

मी मानवतकडची. काळ्या रानातली. आमच्या दारात आड होता, आडावर मोटार होती. आमी पाच बहिणी, त्यातली मी तिसरी. वडलांनी मला इथं बघून-सवरून दिलं, नुसतं पाण्याचं म्हणले, "करशील सवय." केली. सासूबाईंची कंबर माझ्या लग्नाच्या आधीच गेलेली होती. कशानं गेली, ते मला वर्षभरात कळलं. घरात सासूबाई, माझे मालक, धाकटा दीर बालाजी, मी, पुढं माझी दोन लेकरं. आन् पाणी आणणारी मी एकटी. नऊ वर्षं. गडीमाणसं मेंढरामागं जायची, त्यांनी घागर उचलली तर वाडी हसली असती. आता तुमी म्हणाल, हसू द्यायचं की. मी बी तेच म्हणत होते. पण ऐकतंय कोण?

एका वर्षी पाईप आले. खालून माणसं आली, चर खांदले, प्रत्येकाच्या दारात शिमिटाचा ओटा आन् त्याच्यावर नळ बसवला. मग एकानं मोबाईल काढला आन् म्हणला, "नळाखाली घागर धरा. जरा हसा." मी धरली. हसले बी. घागर रिकामीच होती. त्या नळातून पाणी कधी आलंच न्हाई. कुणी म्हणलं मोटार बसायची राहिली, कुणी म्हणलं खालीच पाईप फुटलाय. आमी बायका विचारून विचारून बेजार झालो. मग नळावर कोंबड्या बसायला लागल्या.

तर बालाजी. तिशी ओलांडली तरी त्याचं लग्न जमंना. माणूस वाईट न्हाई — कामाला वाघ, दारूचा थेंब न्हाई. पण आमच्या वाडीला पोरगी देतंय कोण? एकदा एका पोरीची आत्या घर बघायला आली. तिनं बसायच्या आधीच विचारलं, "पाणी कुठाय?" आन् स्वतः झिऱ्यापर्यंत उतरून गेली. वर आली ती घामानं भिजलेली. चहा सुद्धा पिली न्हाई. चपला घातल्या आन् निघाली. शहाणी बाई! तिचं तोंड मला अजून आठवतं.

ती गेल्यावर सासूबाई माझ्यामागं लागल्या. "तुझ्या माहेराकडं बघ की कुणी." मालक बी तेच. उठता-बसता तेच. आन् माझ्या माहेराकडं होती — रेणू.

रेणू माझी चुलत बहीण. अप्पाकाकाची एकुलती एक पोर. ती चार वर्षांची असताना काकू वारली. मग आमच्याच घरात वाढली म्हणा ना. माझ्या लग्नापर्यंत ती माझ्याच अंथरुणात झोपायची. मला अक्का म्हणायची. मला वाटेला लावताना सगळ्यात मोठ्यानं रडली ती रेणू. बारावी झाली होती. तिला चांगली स्थळं यायला लागली होती.

माहेरी एक लग्न होतं. मांडवाच्या मागं अप्पा बाजेवर बसले होते, गुडघा चोळत. त्यांचा उजवा गुडघा लय दिवसांचा दुखायचा. मला जवळ बसवलं आन् म्हणले, "नंदे, तुझ्या दिराचं तुझ्या आईनं कानावर घातलंय. पोरगा बरा वाटतो. पण मला तो डोंगर चढवत न्हाई. तू तिथं नांदतीस. तू बघितलं म्हंजे मी बघितलं. सांग, पोरीला देऊ का?"

मी काय म्हणायला पाहिजे होतं? दोन शब्द. "देऊ नका." एवढंच.

मी म्हणलं, "द्या की अप्पा. आता पहिल्यासारखं न्हाई राहिलं. दारात नळ हाय."

हे खरं होतं. नळ होताच. किती वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — मी खोटं बोलले न्हाई, नळ होताच! पण अप्पा साधे असले तरी बावळट नव्हते. त्यांनी विचारलं, "नळाला पाणी येतं का?"

मी म्हणलं, "रोज सकाळी. तासभर."

तासभर — हे मी कुठून आणलं? नुसतं "येतं" म्हणले असते तर भागलं असतं. पण मी तासभर बी घातलं. खोट्याला सुद्धा मी नीट न्हाऊ-माखू घातलं.

का केलं? तुमाला वाटंल, दिराचं लग्न व्हावं म्हणून. मला बी लोकांपुढं तसंच वाटून घ्यायला आवडलं असतं. किंवा वाटंल, एकटीला करमत नव्हतं, बहीण जवळ यावी म्हणून. ते बी न्हाई. मला दुसरी घागर पाहिजे होती. बस. मला माझ्या खेपा निम्म्या करायच्या होत्या. अप्पा माझ्याकडं बघत होते, आन् माझ्या डोक्यात — सकाळच्या सहा खेपा, निम्म्या तीन — हे चाललं होतं. माझ्या अंथरुणात झोपणारी पोर, तिची किंमत मी तीन खेपा लावली.

माघात लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेणू नवीन साडीत उठली, कळशी घेऊन नळापाशी गेली. कोंबड्या हाकलल्या. तोटी फिरवली. मग माझ्याकडं बघितलं.

"मोटार जळली आसंल," मी म्हणलं. "येईल दोन दिवसात. तोवर चल, झिरा दाखवते."

ती आली. हसत आली. पाय घसरला की खिदळायची. महिनाभर ती रोज सकाळी एकदा तोटी फिरवून बघायची. मग बंद केलं. मला काही विचारलं न्हाई. मला वाटलं, झालं. सवय झाली.

चैत्रात ती पडली. उतारावर खडे सुटलेले असतात, भरली घागर डोक्यावर — पाय सरकला आन् सगळं वजन डाव्या मनगटावर आलं. हाड मोडलं. बालाजीनं तिला पाठुंगळी घेऊन फाट्यापर्यंत नेलं, तिथून जिंतूरला. पलस्तर घालून दुसऱ्या दिवशी परत आणलं.

आता खरं सांगते. तिचा हात मोडला तेव्हा मला तिची कीव आली न्हाई, आधी राग आला. परत सगळ्या खेपा माझ्यावर! ती जिंतूरहून परत आली त्या दिवशी दुपारी मी चौथी खेप घेऊन आले, मानेची शीर आखडलेली, आन् रेणू उंबऱ्यात बसलेली, पलस्तर मांडीवर घेऊन. तिनं विचारलं —

"अक्का, तू अप्पांना सांगितलं नव्हतंस का, इथं पाण्याचं असं हाय म्हणून?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

तेव्हा बोलले असते तर? घागर खाली ठेवली असती, तिच्यापुढं बसले असते, म्हणले असते, मी खोटं बोलले. तिनं माझं तोंड बोचकारलं असतं. बोचकारू द्यायचं होतं. पण मी घागर सुद्धा खाली ठेवली न्हाई. डोक्यावर तशीच धरून म्हणलं, "मी समदं सांगितलं होतं बाई. नळ कोरडा हाय हे बी सांगितलं होतं. तरी त्यांनी दिलं. त्यांना उरकायचं होतं."

त्यांना उरकायचं होतं. आईविना पोर एकट्यानं सांभाळणाऱ्या माणसाबद्दल हे मी म्हणले. पहिलं खोटं तर खोटं होतं. पण हे? ह्याला काय नाव देता तुमी? मला सापडंना.

रेणूनं पलस्तर पोटाशी धरलं. उठून आत गेली. त्या दिवसापासून अप्पांचा फोन आला की ती म्हणायची, "मी झोपलेय म्हणून सांग." भर दुपारी झोपलेय, सकाळी झोपलेय. आन् मी सांगायची. "झोपलीय, अप्पा."

आठ दिवसांनी अप्पा स्वतः आले.

तो गुडघा घेऊन. चैत्राच्या उन्हात. फाट्यापासून काठी टेकत टेकत, किती ठिकाणी बसत आले असतील देव जाणे. हातात शेवयांची पिशवी. गडीमाणसं मेंढरामागं गेलेली, सासूबाई आत कलंडलेल्या. मी भाकरी थापत होते. बाहेर आले तर हे दारात उभे, तोंड लालबुंद. मी तांब्या दिला. अर्धा पिले. मग त्यांची नजर नळाकडं गेली.

काठी भिंतीला टेकवली. वाकले. तोटी फिरवली. काही आलं न्हाई. थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग तोटी परत नीट बंद केली — जसं काही पाणी वाया जाईल — आन् उरलेला तांब्या माझ्या हातात परत दिला. म्हणले, "ठेव. पुढच्या वेळंला होईल कुणाला तरी."

तेवढ्यात रेणू बाहेर आली. बापाच्या पाया पडली न्हाई. उभी राहिली आन् म्हणली, "तुमाला ठावं होतं ना, अप्पा? अक्कानं समदं सांगितलं होतं तुमाला. तरी बी दिलं मला."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

माझ्या हाताला पीठ लागलेलं होतं. मी ते पुसत होते. पुसून झालं तरी पुसतच होते. मला वाटलं, आता बोलतील. बोलावंच, असं बी वाटलं — एकदाचं होऊन जाऊ दे! मी खाली बघत उभी राहिले. कोंबडी ओट्यावर चढली, उतरली.

मग अप्पा म्हणले, "व्हय बाई. सांगितलं होतं तिनं. माझंच चुकलं."

रेणू आत निघून गेली. परत बाहेर आली न्हाई. मी "जेवून जा" म्हणलं — बघा, जेवून जा म्हणले मी त्यांना! ते जेवले न्हाईत. मी उतारापर्यंत त्यांच्यामागं गेले. मला वाटलं, आता एकटी सापडलेय, आता शिव्या देतील, काठी घालतील. ते उतारावर थांबले, माझ्याकडं न बघता म्हणले, "तिला आता इथं तूच हायस. तुझ्यावरचा भरोसा मोडला तर ती कुणाच्या तोंडाकडं बघंल? बापावर रुसलेली पोरगी नांदते. जा, तुझी भाकर करपत आसंल."

आन् उतरायला लागले. उतरताना गुडघा जास्त दुखतो, हे इथं राहणाऱ्याला ठावं असतं. मी तिथं उभी राहून बघत बसले न्हाई. भाकर खरंच करपत होती. मी परत गेले.

मला अप्पांचा लय राग यायचा, खरं सांगते. का झाकलं त्यांनी? का नाव घेतलं न्हाई माझं? घेतलं असतं तर मी मोकळी झाले असते. चांगली माणसं अशीच आपल्या छातीवर दगड ठेवून जातात — असं मी मनात म्हणायची. बघा, त्यातही दोष त्यांचाच काढला मी.

पुढं ते आले न्हाईत. पण दर चार-पाच दिवसाला मला फोन करायचे. एकच विचारायचे, "बरी हाय का?" मी म्हणायची, "बरी हाय." मग ते फोन ठेवायचे. रेणूला पोरगी झाली तेव्हा ते फोनवर रडले. बघायला बोलवा असं म्हणले न्हाईत. मी बी बोलावलं न्हाई. रेणू पंचमीला माहेरी गेली न्हाई, दिवाळीला गेली न्हाई.

चार वर्षांनी ते वारले. आमी सगळे गेलो. रेणू अंगणात कडेला उभी राहिली, पोरीचा हात धरून. डोळ्यात टिपूस न्हाई. बायका कुजबुजायल्या होत्या — बापानं एवढी वाढवली आन् ही बघा, दगडाची. आन् मी? मी अप्पांच्या पायावर डोकं आपटून रडले. बायकांनी मला धरलं, पाणी पाजलं. एक म्हणली, "पुतणी असून पोटच्या पोरीपेक्षा जास्त." मी ते ऐकलं. ऐकून घेतलं. त्या अंगणात तेव्हा सगळी माणसं होती, सगळ्यांपुढं एका वाक्यात रेणूला तिचा बाप परत देता आला असता. मेलेला का होईना, पण चांगला बाप. मी पदर तोंडाला लावला आन् रडत राहिले. रडणं लय सोयीचं असतं हो.

त्यानंतर सांगायला किती वेळा निघाले. एकदा झिऱ्यावर, आमी दोघीच होतो. तोंड उघडलं आन् म्हणलं, "रेणे, वाटी दे." एकदा तिच्या पोरीच्या बारशाची गोष्ट निघाली तेव्हा. एकदा ती तापानं फणफणली तेव्हा — तेव्हा मनात काय आलं असंल? आता ही मेली तर सांगायचं राहूनच जाईल, आन् बरं होईल. असं आलं. दोन्ही एकाच दमात.

आता उन्हाळ्यात टँकर येतो. डांबर जिथं संपतं तिथपर्यंतच. तिथून वर आमीच आणतो. माझी कंबर गेलीय, सासूबाईंसारखीच. म्हणून माझ्या वाटणीच्या घागरी रेणू आणते. मी नको म्हणते, ती ऐकत न्हाई. तिचं डावं मनगट नीट बसलं न्हाई, थोडं वाकडं राहिलंय, लुगडं पिळताना अजून कळ येते. तरी आणते. तिची पोरगी आता शिकायला खाली माझ्या बहिणीकडं असते. सुट्टीला आली की आजोबांचं विचारते, तर रेणू तिला म्हणते, "तुझ्या आजोबांनी मला इथं ढकललं, आन् तुझ्या मोठ्या आईनं मला सांभाळलं." मी तिथंच बसलेली असते. भाजी निवडत. मान वर न करता.

गेल्या उन्हाळ्यातलं सांगते आन् थांबते. टँकरपासून आमी दोघी वर यायला लागलो होतो. तिच्या डोक्यावर दोन घागरी, माझ्या कडंवर एक लहान कळशी, तेवढीच मला जमते. चढावर जिथं दम लागतो तिथं आमी थांबलो. ती घागरी उतरवून दगडावर बसली, पदरानं तोंड पुसलं आन् उगीचच, काही विषय नसताना म्हणली —

"अक्का, तू नसतीस तर मी पहिल्याच वर्षी ह्या कड्यावरनं उडी टाकली असती. बापानं टाकलं, पण तू न्हाई टाकलंस."

तिथं कुणी नव्हतं. अप्पा जाऊन किती वर्षं झाली होती. माझं आता काय गेलं असतं? तिनं बोलणं सोडलं असतं, एवढंच. माझं पाणी मलाच आणावं लागलं असतं.

हो — मनात तेच आलं. आता बी तेच.

मी म्हणलं, "चल. ऊन वाढायलंय."

तिनं घागरी उचलल्या. मी तिच्यामागून चढायला लागले.